संक्रांतीचा खाऊ मुलांच्या हातून: कामाच्या नोंदी

२७ डिसेंबर: आखणी

मुलं सात, वय ५ ते ११. मोठी माणसं दोन: एक कायम गॅसपाशी, दुसरं मुलांच्या टेबलापाशी. एकट्या माणसाने पाकाचं काम मुलं जवळ असताना काढू नये. पाक आला की तिथून हलता येत नाही, आणि मुलांना नेमकं तेव्हाच काहीतरी हवं असतं.

करायचे पदार्थ: तिळाच्या वड्या, लाडू, गुळाच्या पोळ्या, थोडा काटेरी हलवा, भोगीला बाजरीच्या भाकरी. अडचण उघड आहे. संक्रांतीच्या खाऊतली सगळी करामत गरम पाकात असते आणि त्याला मुलांनी हात लावायचा नाही. मग त्यांच्या वाट्याला ‘हे धर, ते दे’ एवढंच उरतं, आणि अर्ध्या तासात मुलं खेळायला पळतात. म्हणून इथे कृतीच बदलायच्या: गरम काम थोडक्यात आटपेल आणि थंड काम खरं असेल, अशा.

आधी घरोघरी विचारून घेतलं. एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली. तिळाचं विचारायलाही विसरू नये, कारण तिळाचीही असते. शेंगदाणे सगळ्याच पदार्थांतून बाद केले, फक्त त्याच्या वाट्यातून नाही. एकाच परातीत हात फिरणार असतील तर वेगळा वाटा ठेवून काही उपयोग नसतो. मिक्सरचं भांडं धुताना झाकणातली रबरी रिंग काढून धुतली. दाण्याचं कूट तिथेच दडलेलं होतं.

सामान: पॉलिशचे तीळ अर्धा किलो, गावरान तीळ अर्धा किलो, साधा पिवळा गूळ एक किलो, चिक्कीचा गूळ अर्धा किलो, साखर अर्धा किलो, सुक्या खोबऱ्याच्या तीन वाट्या, खसखस, वेलदोडे, जायफळ, तूप, बटर पेपर. पोळ्या-भाकरीची पिठं त्या त्या वेळी.

ओट्यापासून दोन हातांवर जमिनीला रंगीत चिकटपट्टी लावली. पाक गॅसवर असेपर्यंत तिच्या आत मुलांनी यायचं नाही. सिंक रिकामं ठेवायचं, म्हणजे भाजलंच तर हात थेट नळाखाली धरता येतो. वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावायचं नाही. पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो, शिवाय कातडीला चिकटून बसतो, म्हणून एवढी काळजी.

२९ डिसेंबर: तीळ

निवडायचं काम पाच-सहा वर्षांच्या मुलांना दिलं. पॉलिशच्या तिळात फारसं काही निघत नाही. गावरान तिळात माती आणि बारीक खडे निघतात आणि ते रंगाने तिळासारखेच असतात. स्टीलच्या ताटात दिसत नव्हते, पांढऱ्या कागदावर पसरल्यावर दिसायला लागले. तरीही कचकच राहिली, म्हणून पाण्यात रोळून घेतले. तीळ वर येतात, रेती खाली बसते. मग सुती कापडावर दिवसभर वाळवण. इथे एक दिवस मोडला. ओले तीळ कढईत घातले तर आधी उकडतात, मग एकसारखे भाजले जात नाहीत. गावरान तीळ आणले तर हा दिवस हिशेबात धरावा.

भाजताना एका वेळी १२५ ग्रॅमच. जाड बुडाची कढई, मंदच्या जरा वर आच, हलवणं अखंड. चारेक मिनिटांत तीळ तडतडायला लागतात. मुलं पट्टीबाहेर बसून कान लावून होती आणि ‘काकू, वाजायला लागले!’ ही आरोळी बरोबर वेळेवर आली. रंग बघण्यापेक्षा आवाज ऐकणं खात्रीचं, कारण गावरान तीळ मुळातच तांबूस असतात.

दुसरा घाणा करपला. गॅस वेळेवर बंद केला होता, पण तीळ कढईतच राहिले आणि तापलेल्या बुडाने भाजणं चालूच ठेवलं. गडद तपकिरी झाले, चव कडू. १२५ ग्रॅम टाकून दिले. चांगल्या तिळात मिसळून खपतील असं वाटतं, पण मूठभर कडू तीळ सगळी वडी नासवतात. पुढचे घाणे गॅस बंद करताक्षणी परातीत ओतले. पारख अशी: गार झालेला तीळ दोन बोटांत चुरडला की भुगा व्हायला हवा. चपटा होऊन चिकटला तर अजून कच्चा. ही पारख मुलांकडे.

१ जानेवारी: चिक्कीच्या गुळाचे लाडू

नेहमीची कृती जशीच्या तशी करून पाहिली. तीळ २५०, चिक्कीचा गूळ २५०, खोबऱ्याचा भाजलेला कीस ५० ग्रॅम, तूप एक चमचा, वेलदोड्याची पूड. गूळ-तूप वितळवून पाक फेसाळू दिला. थेंब गार पाण्यात टाकला की टणक गोळी व्हावी आणि ती ताटलीत टाकल्यावर टण् वाजावी. पाक उत्तम झाला.

मुलांच्या दृष्टीने मात्र साफ फसला. हे मिश्रण चटके बसतात तेव्हाच वळावं लागतं. मुलांना हात लावता येईल इतकं निवेपर्यंत त्याची एकच शिळा झाली. मोठ्यांनी तुपाचा हात लावून जेमतेम दहा-बारा लाडू वळले. उरलेल्या गोळ्यात दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर परत सैल केला आणि तूप लावलेल्या ताटात थापून चिक्की पाडली. ती खुसखुशीत न होता चिवट झाली, कारण पाण्याने पाक मागे गेला. तो पुन्हा पुढे न्यावा तर तीळ करपतात.

परात गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवून वेळ वाढवता येतो, पण थोडाच. चिक्कीचा गूळ मुलांच्या कामाचा नाही, हा निकाल. उरलेला बाजूला ठेवला.

३ जानेवारी: मऊ वड्या

साधा गूळ घेतला. त्याचा पाक गोळीबंदपर्यंतच न्यायचा: पाण्यात टाकलेल्या थेंबाची बोटांनी मऊ गोळी वळते, पण वाजत नाही. साखरेच्या पाकात हा टप्पा ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला येतो. गुळाचं तसं नसतं. प्रत्येक ढेपेचा ओलावा आणि गोडवा वेगळा, त्यामुळे थर्मामीटर असला तरी शेवटचा कौल वाटीतल्या पाण्याचा.

प्रमाण: तीळ २०० ग्रॅम (त्यातले निम्मे मिक्सरवर भरड), गूळ २०० ग्रॅम, पाणी दोन टेबलस्पून, खोबरं ५० ग्रॅम, तूप दोन चमचे. दाण्याचं कूट नाही म्हणून निम्मे तीळ भरडले. सगळे अख्खे ठेवले तर गुळाला धरायला काही मिळत नाही आणि वडी कापताना चुरा होतो.

पहिला घाणा बसलाच नाही. तासाभराने सुरी फिरवली तरी वडी ताटाला धरून ओढली जात होती. पाक कच्चा उतरवला होता. पाण्यात गोळी झाल्यासारखी दिसली, पण उचलताना ती बोटांतून निसटत होती. नुसती दिसून उपयोग नाही, पाण्याबाहेर काढल्यावरही गोळी राहिली पाहिजे. मिश्रण परत कढईत घालून मंद आचेवर सतत हलवत परतलं. कडा सोडून मधे गोळा व्हायला लागलं तेव्हा थापलं. या वेळी वड्या पडल्या, रंग जरा गडद झाला एवढंच.

मुलांचं काम इथे जमलं ते असं. मोठ्यांनी मिश्रण तूप लावलेल्या बटर पेपरवर ओतायचं, वरून दुसरा बटर पेपर टाकायचा, दोन मिनिटं थांबायचं. कागदाला हात लावून बघायचा. सोसेल इतका निवला की मुलांनी लाटणं फिरवायचं. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवल्या म्हणजे वडी कुठे जाड कुठे पातळ होत नाही. पेपर काढून खोबरं, खसखस भुरभुरवायची आणि परत एकदा लाटणं हलकं फिरवायचं, नाहीतर खोबरं खाताना झडतं.

कापायची वेळ चुकवू नये. लगेच कापलं तर रेघा मिटतात, पूर्ण गार झाल्यावर कापलं तर वडी तडकते. कोमट असताना, साधारण पाच ते आठ मिनिटांत, रेघा मारून ठेवायच्या आणि गार झाल्यावर त्याच रेघांवर सोडवायच्या. शंकरपाळ्यांचं कातणं दिलं तर सहा वर्षांचं मूलही सरळ रेघ मारतं. सुरी लागतच नाही.

४ जानेवारी: बिनपाकाचे लाडू

गॅस लागतो तो फक्त तीळ भाजायला, तेवढे आदल्या दिवशी भाजून ठेवले. तीळ २०० ग्रॅम, किसलेला मऊ गूळ १५० ग्रॅम, खोबरं ५० ग्रॅम, वेलदोडा. तीळ मिक्सरवर फिरवायचे, गूळ घालून परत फिरवायचे, लाडू वळायचे.

मिक्सरचं बटण दाबायला रांग लागते आणि घोटाळा तिथेच होतो. तिळात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. सलग फिरवलं की आधी पूड, मग ओलसर गोळा, मग तेल सुटलेलं वाटण. एका भांड्याचं तसंच झालं. तिळाची चटणी म्हणावी तर आत गूळ पडलेला. ते वाटण फेकलं नाही. कोरड्या कढईत भाजलेली कणीक चार टेबलस्पून मिसळली, मिश्रण कोरडं झालं आणि वळता आलं. चवही वाईट नाही.

यावर उपाय म्हणजे बटण दाबायचं, ‘एक’ म्हणायचं, सोडायचं. दहा-बारा झटक्यांत भरड होते. गूळ घातल्यावर पाच-सहा झटके. मूठ आवळली की मुटका व्हावा आणि बोटाने ढकलला की मोडावा, तिथे थांबायचं. थंडीत तूप-तेल घट्ट असतं, त्यामुळे मिश्रण कोरडं वाटतं आणि वरून तूप घालायचा मोह होतो. घालू नये. दोन मिनिटं तळव्यात दाबत राहिलं की हाताच्या उबेने तिळाचं तेल सुटतं आणि लाडू धरतो. मुलांना धीर नसतो, म्हणून एक लाडू म्हणजे वीस वेळा दाबणं, असा नियम केला.

सुपारीएवढेच वळायचे. मोठे वळले की मधे भेगा राहतात आणि डब्यात फुटतात. सगळ्यात कमी भांडणं आणि सगळ्यात जास्त माल याच दिवशी निघाला. ज्यांना एकच पदार्थ करायचा आहे त्यांनी हा करावा.

५ ते ९ जानेवारी: काटेरी हलवा

भल्या पहाटे, थंडी असताना. हवा गार आणि कोरडी असली की साखर सावकाश आणि टोकदार धरते.

पॉलिशचे तीळ ५० ग्रॅम. साखर ४०० ग्रॅम आणि पाणी २०० मिलिलिटर यांचा पाक. उकळी आली की एक टेबलस्पून दूध घालायचं, मळी वर येते, ती काढून पाक फडक्यातून गाळायचा. एकतारीच्या किंचित अलीकडे ठेवायचा. लोखंडी तव्यावर स्टीलची पसरट परात, खाली गॅस अगदी बारीक.

परातीत तीळ, त्यावर अर्धा चमचा पाक, आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. तीळ सुटे आणि कोरडे झाले की पुढचा अर्धा चमचा. एवढीच कृती, पण सगळा खेळ त्या अर्ध्या चमच्याचा. पहिल्या सकाळी एका उत्साही हाताने टेबलस्पूनभर पाक ओतला आणि तिळांचे गठ्ठे झाले. सोडवायला अर्धा तास गेला, तरी दोन-दोन तीळ जोडलेले राहिलेच. आच वाढली की उलट होतं: पाक तिळाला धरण्याआधीच वाळतो आणि तळाशी पिठी साठते. ती पिठी बारीक चाळणीने काढून टाकायची. ठेवली तर पुढचा पाक ती पिऊन टाकते आणि काटा येत नाही.

मुलांसाठी बदल: पाक घालून परात तव्यावरून उतरवायची, जाड फडक्यावर ठेवायची, मोठ्यांनी उलटा हात लावून बघायचा आणि मग मुलांनी बोटं फिरवायची. निवली की परत तव्यावर. वेळ दुप्पट लागतो, पण चटका नाही. पाकाची वाटी गरम पाण्यात ठेवावी, नाहीतर तो वाटीतच साखर धरतो. हात धुऊन अगदी कोरडे हवेत. ओल्या बोटाने काटा विरघळतो.

पहिल्या दोन सकाळी तीळ नुसते पांढरे आणि गुळगुळीत होतात. ‘काटे कुठायत?’ हा प्रश्न येतोच. तिसऱ्या सकाळी बारीक खरखर लागली. इथून हलवण्याची तऱ्हा बदलायची: चोळायचं नाही, फक्त बोटांनी खालून वर सारायचं. चोळलं की आलेले काटे मोडून पिठी होते. एका वाटीतला हलवा त्यामुळे परत गुळगुळीत झाला.

चौथ्या दिवशी ढगाळ होतं. थर वाळेना, काटे बसके व्हायला लागले. तासाभरात काम थांबवून हलवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला. अशा हवेत आच वाढवून वाळवायला जाऊ नये, साखर पिवळी पडते. पाचव्या सकाळी ऊन होतं, काम पुढे सरकलं. दाणा ज्वारीएवढा झाला, काटे दिसण्याइतके पण आखूड. बाजारच्या हलव्याशी तुलना करायची नाही. पाच वर्षांची मुलं यात दहा मिनिटांवर टिकत नाहीत. त्यांना चाळणी द्यावी. आठच्या पुढची मात्र तासभर बसली.

११ जानेवारी: गुळाच्या पोळ्या

सारण: किसलेला साधा गूळ २५०, तिळकूट ६० ग्रॅम, दोन टेबलस्पून तेलात खमंग भाजलेलं बेसन दोन टेबलस्पून, खसखस, खोबरं, वेलदोडा, जायफळ. पारी: कणीक २००, मैदा ५०, बेसन २५ ग्रॅम, तीन टेबलस्पून कडकडीत तेलाचं मोहन. घट्ट भिजवून तासभर झाकून.

पुरणपोळीसारखा उंडा भरायला मुलांना जमत नाही, म्हणून दोन पाऱ्यांची पद्धत: खाली पारी, मधे सारणाची चकती, वर पारी, कडा दाबून लाटायची. सारण आणि कणीक सारख्या मऊपणाची हवी. सारण कडक असेल तर ते मधेच राहतं आणि पारी पुढे सरकते. गुळाचा एक खडा राहिला तरी लाटताना पारीला भोक पडतं, त्यातून गूळ तव्यावर येतो, जळतो, आणि पुढच्या पोळ्याही चिकटतात. सुरुवातीच्या पोळ्या अशाच गेल्या. किसलेला गूळ चाळणीतून चेपून घेतल्यावर ते थांबलं. ते चेपायचं काम मुलांचं. मोकळी कड कातण्याने कापताना कातणं सारणाला लागलं की तिथूनही गूळ फुटतो. बोटाच्या पेराएवढी कड सोडून कापावं.

तवा मोठ्यांकडेच. गळलेला गूळ उलथन्याने खरवडून, जाड ओल्या फडक्याने तवा पुसायचा. वाफ अंगावर येते, म्हणून मुलं लांब. पोळी लगेच द्यायची नाही, आतला गूळ पातळ आणि भाजणारा असतो. एकेक पसरून पूर्ण गार करायची. गरम पोळ्या एकावर एक रचल्या तर वाफेने नरम पडतात आणि चिकटतात.

१३ जानेवारी: भोगी

बाजरीचं पीठ ताजंच हवं. जुनं पीठ कडवट लागतं आणि भाकरी थापताना चिरते. पिठात गरम पाणी घालून मोठ्यांनी चमच्याने कालवलं, कोमट झाल्यावर मुलांनी मळलं. एका भाकरीपुरतं पीठ, प्लॅस्टिकच्या कागदावर थापून, वर तीळ दाबून. कागदासकट उचलून हातावर पालथी घालायची आणि मोठ्यांनी तव्यावर टाकायची. हातावर थापायचा हट्ट धरला नाही. तळहाताएवढ्या भाकरी नीट फुगल्या, मोठ्या कडेला फाटल्या. भोगीच्या भाजीसाठी मटार आणि हरभऱ्याचे घाटे सोलून झाले. अर्धे पोटात गेले.

१४ जानेवारी: वाटप आणि दागिने

वड्या बटर पेपरचे थर घालून हवाबंद डब्यात. गूळ हवेतला ओलावा ओढतो, डबा उघडा राहिला की वड्या चिकट होतात. लाडू वेगळ्या डब्यात, कारण ते दाबले की फुटतात.

हलव्याचे दागिने बोरन्हाणासाठी. दाण्याला सुईने भोक पाडायला गेलं की तो फुटतो. दोऱ्याच्या सैल गाठीत दाणा धरून गाठ आवळायची, काटे असले की दोरा सरकत नाही. हे दहा-अकरा वर्षांच्या मुलांना जमलं. लहानांनी काळ्या कार्डशीटवर डिंकाने चिकटवला. डिंक लागलेला हलवा खायचा नाही, म्हणून त्याची वाटी आधीच वेगळी काढून तिच्यावर लाल दोरा बांधला. आपला हलवा दागिन्यांना पुरला नाही, बाजारचा मिसळावा लागला. पाच सकाळींच्या कामातून एक बाजूबंद आणि अर्धी माळ.

बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून जे ओततात त्यातली बोरं, उसाचे तुकडे, हलव्याचे दाणे आणि असले तर शेंगदाणे खालून उचलून तोंडात घालण्याआधी बाजूला करावेत. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात हे अडकू शकतं. चुरमुरे भरपूर घ्यावेत, बाकीचं नावापुरतं.

उरलेला चिक्कीचा गूळ भाकरीशी संपतो आहे. वड्यांचा चुरा बिनपाकाच्या लाडवांच्या मिश्रणात घातला तर तो एकूण मिश्रणाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त नको. जास्त झाला की लाडू वळत नाहीत.